आधी सुकट, मग बयाना

चंद्रपुरात घर घ्यायचं ठरवलं तेव्हा ज्याला विचारावं तो म्हणायचा, "भाऊला भेटा." आता चंद्रपुरात रस्त्यावर खडा टाकला तर तो कुठल्या ना कुठल्या भाऊलाच लागणार. कोणता भाऊ, म्हणून विचारलं की उत्तर यायचं, "अवो ते सुकटवाले!" मला वाटलं, हा माणूस बाजारात सुकी मासळी विकत असेल आणि जोडीला घरांची दलाली करत असेल. तसं काही नव्हतं. भाऊ फक्त घरं दाखवायचे. सुकट त्यांच्या पिशवीत असायची.

ती पिशवी कायम स्कूटरच्या हुकला लटकलेली असे. तिच्यात एक काचेची गोटी, एक स्टीलचा पेला आणि घट्ट झाकणाचा एक डबा. घरात शिरल्या शिरल्या भाऊ उकिडवे बसून फरशीवर गोटी सोडायचे आणि ती कुठल्या कोपऱ्याकडे पळते ते डोळे बारीक करून पाहायचे. मग पेला काठोकाठ भरून ओट्यावर ठेवायचा आणि दुपारी जवळच्या कोळसा खाणीत ब्लास्टिंग होईपर्यंत भिंतीला टेकून गप्प बसायचं. आवाज आला, जमीन हलली, की सगळ्यांनी पेल्याकडे पाहायचं. पाणी नुसतं थरथरलं तर ठीक. सांडलं तर पेला उचलून भाऊ बाहेर. घरमालक मागून काय म्हणतोय ते ऐकायलाही थांबायचे नाहीत.

घर पाहायचं ते मे महिन्यात आणि तेही भर दुपारी, हा त्यांचा आणखी एक नियम. "थंडीत कोणतंबी घर चांगलंच वाटते जी," ते म्हणायचे. "मे मध्ये दोन वाजता ज्या घरात माणूस पाय पसरून बसू शकते, तेच घर पाहा." आमच्याकडच्या मे महिन्यात दुपारी कुत्रीसुद्धा नालीतून बाहेर येत नाहीत. अशा उन्हात हा माणूस कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, डोक्याला दुपट्टा बांधून, गिऱ्हाइकाला स्कूटरवर मागे बसवून हिंडायचा. घरात अगरबत्तीचा वास आला तर त्यांचा चेहराच बदलायचा. नवीन रंग दिसला तरी तसंच. "काही झाकून राह्यले हे," असं मालकाच्या तोंडावर म्हणायचे.

आम्हाला घर हवं होतं कारण बाबांची क्वार्टर सोडायची तारीख जवळ आली होती. बाबांची सगळी नोकरी भद्रावतीच्या फॅक्टरीत गेली आणि सगळा संसार तिथल्या कॉलनीत. एका भिंतीपलीकडे केरळचं कुटुंब, दुसरीपलीकडे बिहारचं. आई त्याच क्वार्टरमध्ये गेली. तिच्यामागे बाबा स्वयंपाक शिकले आणि तिच्या हातचं सोडून बाकी सगळं बऱ्यापैकी करू लागले. मी नोकरीला एटापल्लीत, सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त काचेवर पसरून त्यात मलेरिया शोधायचा. शोधायची खोड लागली की ती सुट्टीच्या दिवशीही सुटत नाही, एवढं मी माझ्याबद्दल सांगू शकते.

भाऊ भेटायच्या आधी आम्ही आपापले बरेच फिरलो होतो. मालक गोड बोलायचे, पाणी द्यायचे, गच्ची दाखवायचे. मग जाता जाता विचारायचे, "पूर्ण नाव काय म्हणालात?" आम्ही बौद्ध. आजोबांपासून. आडनाव सांगितलं की मालकाला एकदम आपला मेहुणा आठवायचा. त्याला विचारून सांगतो म्हणायचे. "फार मेहुणे झाले बापा या चंद्रपुरात," बाबा बसमध्ये बसल्यावर म्हणायचे. हसत म्हणायचे, पण त्या दिवशी जेवायचे नाहीत.

भाऊ आम्हाला पहिल्यांदा भेटले ते चौकातल्या चहाच्या टपरीवर. घरी ते कोणालाच बोलवत नसत. त्यांनी आमचं नाव विचारलंच नाही. म्हणाले, "घरी काय काय शिजते?"

बाबांना ते लागलं. "म्हणजे?"

"म्हणजे वासाचं काय शिजते?"

बाबांनी मान ताठ केली. "सुकट. दर बुधवारी. चालत नसन तर आत्ताच सांगा."

भाऊंचा चेहरा असा उजळला की मी चहा प्यायची थांबले. "काऊन नाई चालणार? चाला, जमलं मंग आपलं!" त्यांनी पिशवीतला डबा काढून बाबांच्या नाकापाशी उघडला. वैनगंगेकाठच्या बारीक मासोळ्या, कडक वाळलेल्या. बाबांनी एक उचलून मोडून पाहिली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. माल चांगला होता.

मग भाऊंनी त्यांचा मुख्य नियम सांगितला. बयाना द्यायच्या आधी त्या घराच्या स्वयंपाकघरात सुकट भाजायची. खिडक्या, दारं सताड उघडी ठेवायची. भाजत असताना भाऊ बाहेर जाणार, रस्त्याच्या मधोमध उभे राहणार आणि आजूबाजूच्या घरांना ओरडून विचारणार, "वास येते का जी?" मग जे होईल ते होईल. "आडनाव लपवता येते," ते म्हणाले, "फोडणी नाई लपत. शेजाऱ्याले जे म्हणायचं ते आजच म्हणू द्या ना. घर घेतल्यावर म्हणन तं तुमी कोठी जाणार?"

मला हे विलक्षण वाटलं. दलाल म्हणजे काहीही करून सौदा जमवणारा माणूस. हा तर सौदा मोडण्याचं सामान डब्यात घालून फिरत होता. याचं पोट कसं भरतं? आणि मुख्य म्हणजे, हे याला सुचलं कुठून? एटापल्लीला परत जाताना बसमध्ये मी तोच विचार करत होते.

पहिलं घर बाबांच्या मनात भरलं. शहराबाहेरचा शांत लेआऊट, दारात सोनचाफा, बोअरला भरपूर पाणी. गोटी जागच्या जागी राहिली, पेल्यातलं पाणी जेमतेम हललं. मालक नागपूरला राहायचे, किल्ली भाऊंकडे होती. बाबा चाफ्याखाली उभे राहून म्हणाले, "इथं खुर्ची टाकून बसता येईल." आई गेल्यापासून पुढच्या दिवसांबद्दल ते पहिल्यांदाच काही बोलत होते. मला वाटलं, झालं, मिळालं.

"आता डबा काढतो," भाऊ म्हणाले.

"राहू द्या ना आज," मी म्हटलं.

"नाई जी, नेम म्हणजे नेम."

त्यांनी मालकाच्या गॅसवर तवा ठेवला. बाबांनीच सुकट भाजली, तेल-मिरची-लसूण घातला. वास घरभर झाला आणि खिडकीतून बाहेर गेला. भाऊ रस्त्यावर जाऊन उभे राहिले. "वास येते का जी?"

कोणी काही म्हटलं नाही. भांडण नाही, शिवी नाही. फक्त समोरची खिडकी बंद झाली. मग तिच्या बाजूची. मग वरच्या मजल्यावरचं दार. सुकट तव्यातून ताटात येईपर्यंत भाऊंचा फोन वाजला. मालकांनी घर विकायचा विचार सध्या रहित केला होता.

मी भाऊंवर अशी चिडले की विचारू नका. "तुमच्या हट्टापायी गेलं घर! कोणी मागितली होती ही परीक्षा?"

भाऊ जमिनीवर मांडी घालून घरून आणलेल्या भाकरीबरोबर सुकट खात होते. मन लावून, बोटं चाटून. "गेलं नाई बाई," ते खाता खाता म्हणाले. "ते तुमचं नव्हतंच. मी फक्त दाखवलं." बाबांनी काही खाल्लं नाही. ते चाफ्याकडे बघत होते. मी उरलेली सुकट डब्यात भरून भाऊंच्या पुढे केली, रागानंच. "घ्या, घरी न्या." त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. "नको, नको. घरी नको." एवढ्या आवडीनं खाणारा माणूस डबा घ्यायला एवढा घाबरतो का, हे काचेवरच्या डागासारखं माझ्या डोक्यात राहिलं.

बाबा त्यानंतर बरेच दिवस भाऊंचा फोन घेत नव्हते. मी एकटीनं एकदोन घरं पाहिली, त्यातल्या एका मालकाला मेहुणा निघाला. तारीख जवळ येत होती. बाबांनी क्वार्टरमधली भांडी पोत्यांत भरायला घेतली होती आणि भरलेली पुन्हा काढून वापरत होते. एका रविवारी मी गेले तर म्हणाले, "मी तुझ्या खोलीवर एटापल्लीला येतो. कोपऱ्यात पडून राहीन." माझ्या खोलीत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं दारात थांबावं लागायचं. बाबांनी असं कोपरा मागणं मला सहन झालं नाही. मी भाऊंना फोन लावला.

ते बाबांना न्यायला स्वतः भद्रावतीला आले. बाबा त्यांना भाऊ म्हणायचे, ते बाबांना भाऊ म्हणायचे, आणि त्या दिवशी दोघंही काहीच म्हणत नव्हते.

दुसरं घर कोळसा खाणीच्या बाजूच्या वस्तीत होतं. गल्ली इतकी अरुंद की स्कूटर बाहेर ठेवावी लागली. एका घरात बंगाली शिंपी, पुढं छत्तीसगडचा डंपर ड्रायव्हर, त्याच्यापलीकडे भामरागडकडचे एक माडिया वनरक्षक आणि त्यांची मुलं. कोपऱ्यावर मशिदीचा भोंगा. वाळत घातलेल्या प्रत्येक चादरीवर कोळशाची बारीक काजळी. गोटी गडगडत मोरीपर्यंत गेली. ब्लास्टिंगला पेल्यातलं पाणी काठावर येऊन थांबलं, सांडलं मात्र नाही. भिंतीला एक तडा होता, तो मालकानं स्वतःच बोट ठेवून दाखवला. अगरबत्ती नव्हती. भाऊ खूश होते. बाबा नव्हते. "अंधार आहे," ते म्हणाले. अंधार होताच.

खरी अडचण समोर होती. समोरच्या घरात एक तेलुगू बाई राहायच्या, सगळी गल्ली त्यांना अम्मा म्हणायची. त्यांचं कोपऱ्यावर किराणा दुकान होतं. अंडंसुद्धा चालत नसे, सोवळं कडक. त्यांच्या गच्चीवर पापड आणि सांडगे वाळत होते, आणि ती गच्ची आणि आमची खिडकी यांच्यात हात लांब केला तर पोचेल एवढंच अंतर.

बाबांनी डबा उघडायला नकार दिला. "इथं नको. यांनी नाही म्हटलं तर मग कुठंच नाही. मला माहीत नाही ते बरं."

"भाऊ," भाऊ म्हणाले, त्या दिवशी पहिल्यांदाच, "भ्याल तं जन्मभर भ्याल. एकदा भाजून घ्या."

बाबांनी भाजली. धूर खिडकीतून सरळ समोरच्या गच्चीवर गेला. भाऊ गल्लीत जाऊन उभे राहिले. "वास येते का जी?"

बंगाली शिंप्याची बायको दारात येऊन म्हणाली, "येते तो! किधर से लाया?" ड्रायव्हर झोपेतून उठून बनियनवर बाहेर आला. वनरक्षकाची मुलं खिडकीला लोंबकळली. मग अम्मा जिना उतरून खाली आल्या. ओलं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. त्या आमच्या दारात थांबल्या, उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. नाकाला पदर लावला होता.

"हे कोण भाजून राह्यलं?"

बाबा उलथणं हातात धरून उभे राहिले. "मी."

"रोज भाजता का?"

"नाही. बुधवारी."

"आज कोणता वार हाय?"

"रविवार," बाबा म्हणाले.

"मंग आज काऊन भाजलं?" अम्मा कडाडल्या. "माझे पापड वर हाय ना! सगळ्याईले वास लागला आता. हे पाहा, बुधवारी भाजत असान तं बुधवारीच भाजा. मी मंगळवारी संध्याकाळी पापड उतरवून घेत जाईन. बाकीच्या दिवशी भाजलं तं मले सांगा लागन." आणि पदर नाकाला तसाच ठेवून त्या जिना चढून गेल्या.

बाबा तव्याकडे बघत राहिले. मग बसलेच एकदम खाली. "म्हणजे त्या राहा म्हणाल्या?" त्यांनी विचारलं.

"बुधवारी राहा म्हणे," भाऊ म्हणाले. "बाकीचे दिवस तुमी पाहा." आणि ताट ओढून जेवायला बसले. त्या दिवशी बाबाही जेवले. मी पुन्हा डबा भरून पुढे केला, आता रागानं नाही. भाऊंनी पुन्हा हात मागे घेतले. "घरी नको जी."

खरेदी झाली, बाबा राहायला गेले. घरात बुद्धवंदना ठेवली, तिचं निमंत्रण द्यायला मी भाऊंच्या घरी जायचं ठरवलं. ते चौकात भेटू म्हणाले. मी न सांगता गेले. कुतूहल, दुसरं काही नाही. एटापल्लीच्या बाजारातून त्यांच्यासाठी सुक्या मासोळ्यांचा मोठा पुडाही नेला. एवढा खवय्या माणूस, आणखी काय द्यायचं?

पत्ता विचारत गेले आणि चाफा दिसला. तोच लेआऊट. बाबांचं हुकलेलं घर ओलांडून मागच्या गल्लीत भाऊंचं घर होतं. जून लागला होता, उकाडा तसाच, आणि सगळ्या खिडक्या बंद.

दार त्यांच्या बायकोनं उघडलं. काकू बारीक चणीच्या, हसऱ्या. मी पुडा त्यांच्या हातात दिला. कागदातूनच त्यांना कळलं काय आहे ते. त्यांनी पुडा नाकापाशी नेला आणि डोळे मिटले, आणि मला वाटतं त्या दाराशी मी उभी आहे हे विसरल्या. मग त्यांनी पुडा माझ्या हातात परत ठेवला. "घेऊन जा बाई. इथी नाई चालत."

भाऊ मागे येऊन उभे होते. इस्त्रीचा शर्ट नव्हता, बनियन आणि लुंगीत ते एकदम म्हातारे दिसले. "आली का शोधत?" ते म्हणाले. "बस."

ते जातीनं ढिवर. वैनगंगेकाठचं गाव, बापाचा जन्म डोंग्यात गेला. मासे विकून बापानं यांना शिकवलं. यांनी शहरात येऊन पैसा केला आणि या लेआऊटमध्ये प्लॉट पाहिला. विकणारा माणूस भला होता, त्यानं एवढंच मागितलं, की शेजाऱ्यांना वास येणार नाही असा शब्द द्या. "मी देऊन टाकला," भाऊ म्हणाले. "तवा वाटलं, शब्द म्हणजे काय, दोन दिवसाची गोष्ट. लोकं ओळखीचे झाले का चालून जाईन. ओळखीचे झाले. चांगले लोकं हाय, माझ्या आजारपणात धावून आले. त्याईच्याचपायी मोडता नाई आला."

काकू खाली बघून म्हणाल्या, "मामंजीचं सांगा ना."

भाऊ बंद खिडकीकडे बघत बोलले. "बाप आला होता गावाहून. वास्तू झाल्यावर. गाठोड्यात मासोळ्या घेऊन. नातवाले खाऊ घालतो म्हणे. मी त्याले घरात नाई भाजू दिलं. त्या तिकडं नाल्यापाशी तीन दगड मांडून देले. त्यानं एकट्यानं भाजलं, एकट्यानं खाल्लं आन् तिथूनच बसस्टँडवर गेला. मंग नाई आला. मेला तवाबी मीच गेलतो."

"घर विकून टाका की," मी म्हटलं.

"पोराले लेआऊट आवडते. पुण्याहून येते तं शांत वाटते म्हणते त्याले." ते थोडं हसले. "माझं तं भागते ना बाई. कोणाचं ना कोणाचं घर पाहणं चालूच राह्यते. खाणं होऊन जाते. हिचं नाई भागत."

मला एवढे दिवस जे शोधायचं होतं ते सापडलं होतं, आणि सापडल्याचा काही आनंद नव्हता. मी काकूंना म्हटलं, "बुधवारी आमच्याकडे या. तुम्ही दोघं."

बुधवारी ते आले. काकू लुगडं बदलून, केसांत फूल माळून आल्या होत्या, लग्नाला आल्यासारख्या. बाबा तवा ठेवत होते तर त्या म्हणाल्या, "मले भाजू द्या भाऊ." बाबा बाजूला झाले. काकूंनी गॅस लावला, आणि सुकट तव्यात टाकायच्या आधी सवयीनं हात पुढे करून खिडकी ओढून घेतली.

काकूंच्या लक्षातही आलं नव्हतं. बाबा उठले, त्यांनी कडी काढली आणि खिडकी पूर्ण उघडली. समोरची गच्ची रिकामी होती. अम्मांनी पापड आदल्या दिवशीच उतरवले होते.

सुकट तडतडली. लसणाचा वास उठला. काकूंनी उलथणं थांबवलं आणि हळूच विचारलं, "बाहेर वास येते काय जी?"

भाऊ चपला न घालताच बाहेर गेले. गल्लीच्या मधोमध, तापलेल्या सिमेंटवर उभे राहिले, नेहमीसारखे. पण या वेळी त्यांनी कोणालाच विचारलं नाही. मान वर करून त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"येते!" ते बायकोला ओरडून म्हणाले. "येते वं! पार कोपऱ्यापर्यंत येते!"